शाळेचे माध्यम कोणते? प्रवेश घेण्यापूर्वी एवढे पाहा

दिवाळी संपली की पूर्वप्राथमिकच्या प्रवेशांची कुजबुज सुरू होते आणि जूनपर्यंत तीन-चार वर्षांच्या मुलांच्या आईबाबांची झोप उडालेली असते. वाचकांकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. मराठी माध्यमात घातले तर पुढे सायन्सला अडेल का? सेमी कितवीपासून बरे? आम्हाला इंग्रजी येत नाही, तरी मुलाला इंग्रजी माध्यमात घालावे का? मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे, पण धड वाचता येत नाही. आता माध्यम बदलता येईल का?

या प्रश्नांना सगळ्या घरांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण उत्तरापर्यंत पोचायचा क्रम ठरवता येतो. तो क्रम सोडून थेट शेजारच्यांनी जिथे प्रवेश घेतला तिथे रांग लावली, की घोटाळा होतो.

मंडळ वेगळे, माध्यम वेगळे

"सीबीएसई चांगले की मराठी?" असा प्रश्न अनेक जण विचारतात. ही तुलनाच होऊ शकत नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई ही मंडळे आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात असतात. माध्यम म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे विषय ज्या भाषेत शिकवले जातात ती भाषा. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम इंग्रजीतूनही शिकता येतो. बालभारती आपली पाठ्यपुस्तके मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ माध्यमांत काढते.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवा: इंग्रजी येणे आणि इंग्रजीतून शिकणे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. तेव्हा "इंग्रजी यायला हवे" एवढ्यावरून "सगळेच विषय इंग्रजीतून हवेत" हे आपोआप ठरत नाही.

पहिली पायरी: मूल कोणत्या भाषेत विचार करते ते ओळखा

कागदोपत्री नोंदवलेली किंवा जातीवरून धरलेली मातृभाषा इथे कामाची नाही. आठवडाभर मुलाकडे लक्ष द्या आणि या गोष्टी टिपा:

- मूल 'का?' आणि 'कसं?' कोणत्या भाषेत विचारते?
- भांडताना, घाबरल्यावर, झोपेत कोणती भाषा बोलते?
- एखादी गोष्ट सांगितली तर ती कोणत्या भाषेत परत सांगू शकते?
- दिवसातला सर्वाधिक वेळ ते कोणाजवळ असते आणि त्या व्यक्तीची भाषा कोणती?

आई गुजराती, वडील मराठी आणि सांभाळणारी मावशी हिंदी बोलणारी, अशी घरे मुंबई-पुण्यात भरपूर आहेत. अशा घरांत मूल दोन भाषांत सहज वावरत असेल, तर दोन्हीपैकी कोणतेही माध्यम चालते. मात्र घरात कोणीच बोलत नाही अशी भाषा पहिल्याच वर्षी माध्यम म्हणून आली, तर मुलाला भाषाही शिकायची असते आणि त्या न कळणाऱ्या भाषेतून गणितही.

याचा परिणाम दुसरी-तिसरीत दिसतो. मुलाला ४५ वजा १८ असे मांडून दिले तर ते करते. पण तेच गणित शब्दांत आले, "राजूकडे ४५ गोट्या आहेत, सलीमकडे १८, हाऊ मेनी मोअर?", की 'मोअर' दिसल्याबरोबर मूल बेरीज करून मोकळे होते. गणित कच्चे म्हणून शिकवणी लावली जाते. खरे तर वजाबाकी येत असते, वाक्य कळलेले नसते.

घरात अहिराणी, मालवणी किंवा गोरमाटी बोलली जात असेल, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला पावरी किंवा गडचिरोलीत गोंडी असेल, तर मराठी माध्यमाच्या शाळेतही हीच अडचण कमीअधिक प्रमाणात येते. अशा वेळी पहिली-दुसरीला मुलांची बोली समजणारे शिक्षक आहेत का, हे आधी विचारा.

दुसरी पायरी: पर्याय नीट समजून घ्या

- मराठी माध्यम. सर्व विषय मराठीतून, इंग्रजी भाषा म्हणून. घरात मराठी असेल तर सुरुवातीचे वाचन-लेखन लवकर बसते आणि पालक अभ्यास घेऊ शकतात. कमकुवत बाजू बहुधा इंग्रजीच्या तासाची असते. तो तास कोण घेते आणि कसा घेते, हे पाहूनच निर्णय घ्या.
- सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. काही शाळांत सेमी पहिलीपासून, काहींत पाचवीपासून, तर काहींत आठवीपासून असते. दहावीला गणित-विज्ञानाच्या उत्तरपत्रिका इंग्रजीत आणि इतिहास-भूगोल मराठीत लिहायचा असतो. मुलाचे मराठी वाचन पक्के झाल्यावर, म्हणजे पाचवीपासून पुढे, सेमी घेणे बहुतेकांना सोयीचे जाते.
- इंग्रजी माध्यम. सर्व विषय इंग्रजीतून. घरात थोडेफार तरी इंग्रजी वाचन-बोलणे असेल, वारंवार परराज्यांत बदली होत असेल किंवा जवळची चांगली शाळा तीच असेल, तर हा पर्याय रास्त आहे. मराठी विषयाकडे घरी जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते.
- उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड व इतर माध्यमे. मुंबई महापालिकेच्याच शाळा आठ भाषांत चालतात. घरची भाषा यांपैकी असेल तर हा पर्याय मोडीत काढू नका. फक्त आठवीनंतर त्याच माध्यमाची माध्यमिक शाळा जवळ आहे का, हे आजच विचारून ठेवा.
- केंद्रीय विद्यालय. हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून अध्यापन. बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मुख्यतः ही सोय आहे.

तिसरी पायरी: फलक सोडा, वर्ग पाहा

माध्यम कागदावर एक आणि वर्गात दुसरेच, असे सर्रास असते. इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत धडा इंग्रजीत वाचला जातो, हिंदी किंवा मराठीत समजावला जातो आणि उत्तर मात्र इंग्रजीत पाठ करायला सांगितले जाते. म्हणून प्रवेशाआधी शाळा चालू असताना एकदा जा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन हे पाहा:

- वह्या. एकाच वर्गातल्या चार-पाच मुलांच्या विज्ञानाच्या वह्या मागा. सगळ्यांत उत्तर शब्द न् शब्द सारखे असेल, चुकीच्या स्पेलिंगसकट, तर ते फळ्यावरून उतरवलेले आहे. मुलांनी स्वतः लिहिलेल्या वाक्यांत चुका असतात आणि त्या वेगवेगळ्या असतात. अशा चुकांवर शिक्षकांची खूण दिसली, तर शाळा काम करते आहे.
- प्रश्न. वर्गात मुले प्रश्न विचारतात का? परक्या भाषेत अडकलेला वर्ग सुरात उत्तरे देतो, पण प्रश्न विचारत नाही.
- शिक्षक. इंग्रजी माध्यम असेल तर शिक्षक स्वतः आपसांत आणि मुलांशी सहज इंग्रजी बोलतात का? सेमी असेल तर गणित-विज्ञान कोण शिकवते आणि ते शिक्षक कायम आहेत की दर वर्षी बदलतात?
- पटसंख्या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण आहे. एका वर्गात ६५ मुले कोंबली असतील तर कोणत्याही माध्यमात भाषा शिकवता येत नाही.
- वाचनालय. पुस्तके कुलपात आहेत की मुलांच्या हातात?
- मान्यता. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो मागा. शासनमान्यतेविना शाळा चालवणे हा गुन्हा आहे, त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्या पाहून घ्या. नावात 'इंटरनॅशनल' असल्याने मान्यता मिळत नाही.

चौथी पायरी: घरचे बळ मोजा

मूल शाळेत पाच-सहा तास असते, बाकी वेळ घरी. तेव्हा स्वतःलाच विचारा: चौथीचा परिसर अभ्यास मी या भाषेत वाचून समजावू शकतो का? शाळेतून आलेली सूचना मला कळेल का? शिक्षकांना भेटून मोकळेपणाने बोलता येईल का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर दुसरीपासून शिकवणी लागेल, हे गृहीत धरा. शुल्क, बस, गणवेश, पुस्तके यांच्या जोडीला शिकवणीचा खर्च धरून दहावीपर्यंतचा हिशेब मांडा. केवळ पहिल्या वर्षाचे शुल्क परवडते म्हणून घेतलेला प्रवेश पाचवीत जड जातो.

हमखास होणाऱ्या चुका

- "पुढे सगळे इंग्रजीतच आहे, मग आतापासूनच का नको?" अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजीतून असते, हे खरे. पण त्यासाठी आठवी ते दहावी सेमीची तयारी पुरते, बालवाडीपासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येतात, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षाही मराठीतून लिहिता येते.
- "घरी आता इंग्रजीच बोलू या." तुमचे स्वतःचे इंग्रजी तुटक असेल तर मुलाला तुटक इंग्रजीच मिळते आणि सकस मराठीही हातची जाते. घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, वाचून दाखवा. इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटांचे सोपे वाचन वेगळे ठेवा.
- मोठ्याला जे लागू पडले ते धाकट्याला लावणे. भाषेची गोडी आणि वेग दोन भावंडांतही सारखा नसतो. बोलायला उशिरा लागलेल्या किंवा वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी निर्णय घेण्याआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्या.
- तिसरी भाषा आणि माध्यम यांची गल्लत. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात मोठा वाद झाला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय सरकारने २९ जूनला रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हा वाद विषय म्हणून शिकायच्या भाषेचा होता. तुमच्या शाळेचे माध्यम त्याने बदलत नाही.
- धोरणाचा अर्धवट अर्थ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत व पुढेही घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी. ही शिफारस आहे. त्यामुळे इंग्रजी शाळा बंद होणार, ही भीतीही खोटी आणि सगळीकडे आपोआप मराठी येणार, ही आशाही खोटी.

माध्यम बदलायचे असेल तर

बदल करता येतो. पण तो कधी आणि कसा करता यावर यश अवलंबून असते.

१. वेळ निवडा. पहिली ते तिसरीत बदल सर्वांत सोपा. त्यानंतर पाचवी हा चांगला टप्पा आहे, सेमीसाठी आठवी. नववी-दहावीत माध्यमाला हात लावू नका.

२. जोडपुस्तके वापरा. बालभारतीची विज्ञान, गणित, भूगोल यांची पुस्तके मराठी आणि इंग्रजी माध्यमांत एकाच अभ्यासक्रमावर, तेच धडे आणि तीच चित्रे घेऊन येतात. दोन्ही पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सुट्टीत रोज एक पान आधी कळणाऱ्या भाषेत वाचा, मग तेच पान दुसऱ्या भाषेत. प्रकाशसंश्लेषण आधी समजलेले असले की 'फोटोसिंथेसिस' हा फक्त नवा शब्द उरतो.

३. शब्दांची वही ठेवा. गणित-विज्ञानातले नेहमीचे शब्द दोन्ही भाषांत, मुलाच्या हस्ताक्षरात. पाठांतर नको, वापर हवा.

४. इंग्रजीतून मराठीकडे येत असाल तर जोडाक्षरे आणि वाचनाचा वेग यांवर दोन महिने काम करा. मूल मराठी बोलते म्हणजे त्याला मराठी वाचता येतेच, असे समजू नका.

५. पहिल्या सहामाहीत गुण पाहू नका. ते घसरतीलच. मूल वर्गात बोलू लागले का, हे पाहा.

६. मुलाला कारण सांगा. "तुला जमत नाही म्हणून काढले" असा समज झाला तर कोणतेही माध्यम त्याला उपयोगी पडणार नाही.

तुमचे हक्क

- निवड तुमची. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेची सक्ती केली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निकाल दिला, की सरकार असे माध्यम लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे.
- मातृभाषेतून शिक्षणाची मागणी. राज्यघटनेच्या कलम ३५० (क) नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ देखील, शक्य असेल तेथवर, माध्यम मातृभाषा असावे असे सांगते. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा वस्तीतल्या पालकांनी एकत्र अर्ज द्यावा.
- चाचणी आणि डोनेशन नाही. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा-मुलाखत घेता येत नाही. "आईबाबांना इंग्रजी येते का?" हा प्रवेशाचा निकष होऊ शकत नाही. चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि डोनेशन घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र शिक्षणहक्क कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चाच दुसरा निकाल आहे.
- २५ टक्के जागा. विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी असतात. ही सवलत आठवीपर्यंतच असते, नववीपासून शुल्क भरावे लागते. अर्ज भरताना माध्यमही पाहा. शाळा मोफत मिळाली तरी भाषेचा भार मुलालाच उचलायचा आहे.
- मराठी सर्व शाळांत. २०२० च्या राज्य कायद्याने सर्व मंडळांच्या आणि माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. २०२०-२१ पासून तो पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- मराठी बोलल्याबद्दल शिक्षा नाही. दंड घेणे, गळ्यात पाटी अडकवणे, वर्गाबाहेर उभे करणे हे प्रकार मानसिक छळात मोडतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने त्याला बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे पोच घेऊन तक्रार द्या.
- शाळा व्यवस्थापन समिती. शासकीय व अनुदानित शाळांत या समितीचे ७५ टक्के सदस्य पालक असतात. इंग्रजीचा तास नीट होत नाही, सेमीला शिक्षक नाही, हे मुद्दे तिथे मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

गोवा आणि सीमाभागातल्या वाचकांसाठी

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी-कोकणीतून आहेत, पण पाचवीपासून जवळपास सर्वत्र इंग्रजी येते. तेव्हा चौथीच्या वर्षीच वर सांगितलेली जोडपुस्तकांची युक्ती सुरू करा. बेळगाव-निपाणीकडे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड भाषा शिकणे सर्व शाळांत बंधनकारक आहे. मराठी माध्यम निवडताना कन्नडही मनापासून शिकवा. पुढे त्या राज्यात नोकरी करायची असेल तर तिचा उपयोगच होईल.

मग ठरवायचे काय?

घरात मराठी असेल आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर बऱ्यापैकी मराठी शाळा असेल, तर चौथीपर्यंत मराठी, पुढे सेमी, आणि पहिल्या दिवसापासून उत्तम इंग्रजी विषय, हा बहुतेक मुलांसाठी सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. जवळची मराठी शाळा खरोखरच वाईट असेल आणि इंग्रजी शाळा वर्ग पाहून चांगली वाटली असेल, तर अपराधी न वाटता इंग्रजीत घाला आणि घरची मराठी सोडू नका. प्रवेश अर्जावर सही करण्याआधी दोन शाळांचे वर्ग भरलेले असताना पाहून या, आणि या कामासाठी एक दिवसाची रजा काढा.